तळं आणि पळसाची पानं

लीड्स,
८ नोव्हेंबर १९८७

ती. वन्सं,

नमस्कार. पत्र पोचलं. इकडे थंडी पडलीय, हीटिंग लावलंय, मी वेळेवर जेवते, काळजी नको. इथली अलका आणि बाकीची मराठी मंडळी अजून डबे आणतात. सगळ्यांच्याच आमटीत गूळ जास्त, पण बोलणार कुणाला!

मागचं पत्र रागाच्या भरात लिहिलं. देह सापडत नाही तर पालाशविधी करू, असं तुम्ही काढलंत आणि माझं डोकंच फिरलं. पळसाच्या पानांचा माणूस करायचा आणि यांच्या नावाने जाळायचा? तुमचं ते पत्र मी फाडून टाकलं.

तुम्ही विचारलंत, ऑगस्टमध्ये यांची होडी उलटली, अजून तळं माणूस परत कसं देत नाही? गोदावरी तर दोन-तीन दिवसांत देते. अहो, ही नदी नव्हे. डोंगरावरून बर्फ सरकत आला, त्याने खडक खरवडून एवढा खोल खड्डा केला. बर्फ वितळला, पाणी राहिलं. त्या काळी समुद्रातून आलेला एक लाल पोटाचा मासा तिथेच अडकला, त्याची पिलावळ अजून खाली आहे. तुमच्या भावाला हॉस्पिटलपेक्षा त्याचंच कौतुक. दर ऑगस्टला गळ घेऊन हजर.

काठावर मेंढ्या पाळणाऱ्यांचं एकच घर आहे. मागच्या रविवारी तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी मला आत बोलावून चहा दिला. त्यांचे दोन काका खाणीतला दगड होडीतून नेताना बुडाले, तेही खालीच आहेत. चर्चमागे त्यांच्या नावाचा दगड आहे, त्याखाली कुणी नाही. म्हणाल्या, "तो दगड बसवला, तेव्हा कुठे आमची आजी पोटभर जेवली."

एक गोष्ट तुम्हाला कळवली नव्हती. पाणबुड्यांनी सांगितलं की तळाशी उन्हाळा-हिवाळा थंडी सारखीच. तिथे काही लवकर कुजत नाही. म्हणजे हे आहेत तसेच आहेत, वन्सं. तुम्ही विणलेल्या निळ्या स्वेटरसकट. मग त्यांना जाळायला मी हो कशी म्हणू?

बर्मिंगहॅमला विनयला फोन केला. इथे जन्मलेलं पोर, मराठी तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणाला, "मी करतो, आई. पण बाबा इथे आहे ना?" रिसीव्हर धरून नुसती रडले.

पण आईंनी भात सोडलाय असं तुम्ही लिहिलंत, ते डोक्यातून जात नाही. लेकाची वाट बघत त्या माउलीचा जीव जायला नको. करा विधी. विनय या महिनाअखेर नाशिकला पोचेल. त्याला मंत्र येत नाहीत, गुरुजींना सावकाश सांगायला सांगा. त्याच्यावर कुणी हसू नका.

झालं की तार करा. त्या दिवशी मी कुंकू पुसेन, इथेच, एकटीने. आईंना म्हणावं, आता भात खा.

तार येईपर्यंतच सौ., त्यानंतर कधीच नाही,

तुमची
सौ. वीणा