तिनं घरी काय सांगावं

माय, तू गेलीस तेव्हा मी चौथीत होतो. आता आपल्या वाशीमजवळच्या मालेगावात मोटारसायकलच्या गॅरेजात कामाला आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून जुन्या टायरांवर बसून हे लिहितोय. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. आणि माझं एका मुलीवर प्रेम आहे, म्हणजे इतकं, की वाशीमची एसटी समोरच्या थांब्यावर लागली की हातातला पाना खाली ठेवून मी एकेक खिडकी बघत उभा राहतो. मालक हसतो. हसू दे.

काल ती उतरली आणि म्हणाली, रविवारी मले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, "थांबतो ना. पण थांबू कायले? घरी काय सांगू?" मी म्हटलं, माझं प्रेम आहे म्हणून. "ते मले माहीत हाय. बाबाले काय सांगू?" मग मी तेच परत म्हटलं, अजून मोठ्यानं. तिसऱ्यांदा तर रसवंतीवाल्यानं मशीन बंद करून आमच्याकडे पाहिलं. "आवाज वाढवला म्हनून ते कारण होत नाई," एवढं बोलून ती निघून गेली, आणि मला एकदम किन्हीराजाचं आपलं स्वयंपाकघर आठवलं.

तू चुलीपाशी बसली आहेस, सुपात तुरीची डाळ, बोटं खडे वेचतायत. मी काकाच्या पोराशी मारामारी करून आलोय आणि ओरडतोय, बॅट माझी आहे, माझीच आहे. तू मान वर न करता म्हणतेस, "पाच खेपा सांगितलं तुझी हाय म्हनून. काहून तुझी, हे एकदा तरी सांगितलं काय त्याले? आन् घेतांना कोनी पाह्यली?" मला इतका राग आला की मी ताट सरकवून दिलं. तेवढ्यात शेजारची म्हातारी दारात आली. तू गावची आशा सेविका, तिच्या सुनेचे दिवस भरत आलेले, आणि दवाखान्यात न्या म्हणून तू महिनाभर मागे लागली होतीस. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "माह्ये सात घरीच झाले. तुले त्या दवाखान्याचं कमिशन भेटते म्हनतात, खरं काय?"

मला वाटलं, आता तू भांडशील. तू म्हणालीस, "भेटते, आत्याबाई. खोटं कायले बोलू?" मला वाटलं, हरली माय. तू सूप बाजूला ठेवलंस. "पन माह्यं पह्यलं घरीच झालं होतं. ते कुठं हाय, तुमाले माहीत हाय." आणि सूप परत पुढ्यात ओढलंस. म्हातारीनं चौकट धरली. मग म्हणाली, "दवाखान्याची गाडी कधी सांगतं मंग?"

कॉलेजात सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, दावा, कारण, पुरावा, समोरच्याची शंका आणि तिला उत्तर. मी ते वहीत उतरवलं आणि विसरलो. आज कळतंय की तू हे सगळं डाळ निवडता निवडता केलंस, आणि शंका तर आधीच कबूल करून टाकलीस. पुरावा म्हणून तू जे पुढे ठेवलंस ते सांगताना तुझाच जीव कासावीस झाला असेल.

म्हणून आज तिच्यासाठी मांडून बघतोय. थांब, हा माझा दावा. कारण, मी मालकाच्या हाताखाली काम शिकतोय. पुरावा, आठ महिन्यांत एक खाडा नाही, आणि मालक आता इंजिन एकट्याला उघडू देतो. तिच्या बाबांना गॅरेजात येऊन बघता येईल. पण ते आल्या आल्या विचारतील, कॉलेज काहून सोडलं? त्याचं उत्तर सगळ्यांकडे आहे, तिच्याकडेही, की एका सरांनी सगळ्यांसमोर अपमान केला आणि मी ओळखपत्र फेकून बाहेर पडलो. फेकलं हे खरं आहे. अपमानही खरा आहे. पण त्याच्या आदल्या आठवड्यात निकाल लागला होता.

हा कागद तुझ्या घरोघरच्या भेटींच्या जुन्या रजिस्टरात ठेवून देईन, दुसरं कुठं पाठवणार. नापास झालो होतो, माय, चार विषयांत. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. तिला अजून सांगितलेलं नाही. पाचची गाडी यायला थोडाच वेळ आहे. ती उतरली की पहिलं हेच सांगायचं, म्हणून हात पुसून घेतो.