अंड्याच्या दिवशी दोन रांगा

अप्पा, आता शाळेत खिचडीसोबत आठवड्यातून एकदा अंडं देतात. जे खात नाहीत त्यांना केळं. मुखेडजवळ मी शिकवते त्या शाळेत मुलं त्या दिवशी आपणहून दोन रांगा करतात, अंड्याची आणि केळ्याची. कुणी सांगितलेलं नाही, पण कुणी मोडतही नाही. मागच्या आठवड्यात केळ्याच्या रांगेतलं एक पोरगं नाक धरून म्हणालं, "छी, वास मारायलाय." समोर पहिलीतली एक मुलगी होती, हातपाय काडीसारखे. आई सकाळीच खुरपायला जाते, पोरगी दिवसाचा पहिला घास शाळेतच खाते. तिनं अंडं फ्रॉकखाली लपवलं आणि खिचडीही तशीच ठेवली.

मला औशातलं आपलं किराणा दुकान आठवलं. मी दुसरी-तिसरीत असेन. मैत्रीण पायरीवर डबा उघडून बसली आहे, डब्यात भाकरी आणि उकडलेलं अंडं. मी "छी" म्हणते आणि तुम्ही तराजू खाली ठेवता. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, सोमवारी कांदासुद्धा न खाणारे तुम्ही. मला वाटतं, आता तिला उठवणार. तुम्ही माझ्याकडे बघता. "कुणाच्या घासाला नावं ठेवतीस गं? तिच्या मायनं करून दिलंय. जा, तिच्याजवळ बसून जेव." मी रडत रडत जेवले. ती म्हणाली, "तुझ्या अप्पाला पण देऊ का थोडं?" तुम्ही इतके हसलात की रस्त्यावरचं गिऱ्हाईक आत डोकावलं.

म्हणून त्या दिवशी मी माझा डबा घेऊन मुलीशेजारी जाऊन बसले. "आण, सोलून देते." आयुष्यात पहिल्यांदा अंडं हातात धरलं, आणि टरफलाबरोबर निम्मं पांढरंही निघून आलं. "म्याडम, तुम्हाला येतच न्हाई की," ती म्हणाली, माझ्या हातातून घेतलं आणि सोलता सोलताच खाऊन टाकलं. मग खिचडी ओढली, वर अजून मागितली. आज तिनं अंडं सगळ्यांसमोर ताटात ठेवून खाल्लं. रांगा मात्र अजून दोनच आहेत.

त्या पायरीवर तुम्ही मला काय दिलंत, ते तुम्ही असताना कधी सांगितलं नाही. आता हा कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवणार आहे, कारण आई हल्ली माझ्याकडे असते आणि चष्मा लावून दिसेल ते वाचते. संध्याकाळी पोरांना काय वाढलंस म्हणून विचारते. अंड्याच्या दिवशी मी सांगते, केळी.