खांबाच्या पोटातलं पाणी

माय, काल मी आपल्या बाजारात जाऊन आलो. आता तिथे संग्रहालय झालंय. तुझा ओटा तसाच ठेवलाय, त्यावर काचेच्या पेटीत जुने तराजू आणि मापं मांडली आहेत. छपराखालच्या लाकडी पट्ट्यांच्या झिलमिल्या दुरुस्त करून पुन्हा बसवल्यात. उन्हाळ्यात आतली गरम हवा तिथूनच निघून जायची आणि तुझ्या सांभाराच्या, मेथीच्या जुड्या संध्याकाळपर्यंत ताज्या राहायच्या. तुझ्या त्या हिरव्या जुड्यांवर मी इंजिनिअर झालो.

आणि इंजिनिअर होऊनच मी तेव्हा, बाजार चालू असताना, तिथे तपासणीला आलो होतो. इस्त्रीचा शर्ट, सोबत ऑफिसातली दोन माणसं. कोपऱ्यातल्या लोखंडी खांबाच्या बुडाशी ओल होती. ती पाहून मी वहीत लिहायला लागलो, तशी तू ओट्यावरून उतरून आलीस.

"खांबाले काही नाही झालं गा. पोकळ हाये तो. छपराचं पाणी त्याच्या पोटातूनच खाली जाते. खालची नाली तुंबली, म्हणून ओल दिसून राहिली. पावसात कान लावून पाह, पाणी वाजते आतमंदी."

सोबतचे दोघं हसले. मी म्हणालो, "मावशी, बाजूला व्हा. आम्हाला काम करू द्या."

मावशी म्हणालो मी तुला. तू माझ्याकडे पाहतेस, हातातली जुडी तशीच आहे, आणि मग "बरं साहेब" म्हणून ओट्यावर जाऊन बसतेस. संध्याकाळी भाकर वाढताना तू एवढंच विचारलंस, "तू नीट पाह्यलं ना, बापू?" मी म्हटलं, "पाह्यलं, माय."

माझ्या अहवालावरून बाजाराचा हॉल धोकादायक ठरला. तुम्हा सगळ्यांना उघड्या मैदानात बसवलं. नागपूरचं ऊन, अकरा वाजेपर्यंत भाजी मान टाकायची, तू ओलं पोतं टाकून तिच्यावर पाणी शिंपडत बसायचीस. दोन उन्हाळे काढलेस, मग घरीच राहिलीस. मला एका शब्दानं बोलली नाहीस. तू गेल्यावरही कितीतरी वर्षं हॉल कुलपात उभा होता. पडला नाही.

काल तिथली एक मुलगी लोकांना दाखवत होती, "हे खांब मूळचेच आहेत, एकही बदलावा लागला नाही. आतून पोकळ आहेत, पावसाचं पाणी त्यातून उतरतं. आम्ही फक्त खालची नाली मोकळी केली." लोक फोटो काढत होते. मी मागे उभा राहून ऐकलं.

माय, तो अहवाल मी तपासणीच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. माझ्या वरच्या साहेबांना हॉल रिकामा हवा होता आणि मला नोकरीत कायम व्हायचं होतं. तुझ्यासमोर वहीत मी नुसत्या रेघा ओढत होतो. हे घरात कुणाला ठाऊक नाही, आणि हा कागदही मी कुणाला दाखवणार नाही.

निघताना त्या मुलीनं विचारलं, "काका, बाजार होता तेव्हा आले होते का कधी इकडे?"

मी नाही म्हणालो.