विनी पणजीची दहा वर्षं

किलब्रॅक, काउंटी स्लायगो

चि. फिंटन यास अट्रॅक्टाताईचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही दुखताहेत आणि दोन्हींचं कारण तू आहेस. मेलबर्नच्या उन्हात बसून ‘ताई, सहज चर्चमध्ये डोकावून पणजीच्या बाप्तिस्म्याची तारीख बघ, थडग्याच्या नव्या दगडावर कोरायची आहे’ असं लिहायला तुझं काय जातं? सहज म्हणे! चर्चच्या मागच्या खोलीत शेगडी नाही, खुर्चीला पाठ नाही, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या लिहिणाऱ्या त्या काळच्या फादरना हात थरथरण्याचा विकार असावा, नाहीतर बाटलीचा. (त्यातून पहिल्या मुलीला आईच्या आईचंच नाव द्यायची आपल्याकडची खोड. गावात त्या वेळी ‘विनिफ्रेड’ म्हणून हाक मारली असती तर अर्धा डोंगर खाली उतरला असता.)

तू पाठवलेली खानेसुमारीची पानं मी वाचली. तू वाचली नाहीस, हे उघड आहे. १९०१ साली विनी पणजी बावन्न वर्षांची, १९११ साली बहात्तर! मी कॉलेजात इतिहास शिकले आहे, कारण कळायला वेळ लागला नाही. मधल्या काळात सरकारने सत्तरीला पेन्शन सुरू केली आणि अख्खं आयर्लंड एकदम पिकलं. पण पेन्शनला वयाचा पुरावा लागतो. तो बाईने कुठून आणला? तर १८३९ साली एका विनिफ्रेडचा बाप्तिस्मा आहे, आणि १८४९ साली त्याच आईबापांच्या दुसऱ्या विनिफ्रेडचा. थोरली मधल्या मोठ्या दुष्काळात गेली, म्हणून तिचं नाव धाकटीला दिलं. धाकटी म्हणजे आपली पणजी. तिने मेलेल्या बहिणीचा बाप्तिस्मा स्वतःचा म्हणून दाखवला!

आता बैठकीतला तो फोटो आठव. पणजीची शंभरी, शेजारी बिशप, पुढे केक. त्याच फोटोखाली उभं करून आई मला सांगायची, ‘पणजीसारखी सरळ वाग.’ सरळ! नव्वदीच्या बाईने बिशपच्या हातून शंभरीचा केक खाल्ला, फिंटन, आणि वर आशीर्वादही घेतला.

हे सगळं मी एकटीने वाचलं असतं तर ठीक होतं. पण वेदीवरची फुलं बदलायला आलेली डिम्फना क्लॅन्सी माझ्या खांद्यावरून वाचत होती.

“अगं बाई, म्हणजे शंभरी झालीच नव्हती की! आमच्या ह्यांची पणजी सत्त्याण्णवची होऊन गेली. पण खरी हो.”

“फुलदाणीत पाणी घाल, डिम्फना.”

“घालते की. मग आता गावात सगळ्यांत जास्त जगलेली आमचीच ना? रविवारी मी सांगू, का तूच सांगतेस?”

मी नोंदवही मिटली. तिला देण्यासारखं उत्तर होतं ते चर्चमध्ये बोलता येत नाही.

तेव्हा दगड कोरणाऱ्याला आजच कळव. जातानाचं वय एकशे एक नव्हे, एक्क्याण्णव. आपल्या घराण्याच्या दगडावर खोटं कोरलं जाणार नाही, निदान मी जिवंत असेपर्यंत तरी नाही. दगडाचे पैसे तू देतोस म्हणून माझ्याशी वाद घालू नकोस.

तुझी संतापलेली,
अट्रॅक्टा

ता. क. पोस्टात निघाले होते, वाटेत दफनभूमीत शिरले. थोरल्या विनीचं नाव कुठेच नाही. त्या दुष्काळात पोरांना दगड कोण लावणार? सगळ्या गावात तिची आठवण म्हणून एवढंच उरलं, की धाकटीने तिची दहा वर्षं स्वतःच्या वयात धरली. एकशे एकच राहू दे. त्यातली दहा थोरलीची, असं समजू.

ता. क. २. मुख्य काम राहिलंच. क्लॅन्सींची ती पणजीही पेन्शन घेत होती. तिची १९०१ आणि १९११ ची पानं तुझ्या कॉम्प्युटरवरून काढून ताबडतोब पाठव, रविवारच्या आत. मोठ्या अक्षरांत छाप. डिम्फनाला माझ्या खांद्यावरून नीट वाचता आलं पाहिजे.