डब्यांची झाकणं

गुरुवार, ता. १२

लाडक्या सूनबाईस,
तुझ्या सासूचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. ‘पत्रास कारण की’ लिहिलं की लगेच कारण सांगायचं असतं, पण माझं जरा रेंगाळणार आहे. तेवढं सांभाळून घे. मी अक्षरं शिकले ती कामावरच्या खेळण्यांच्या खोक्यांवर डकवलेल्या चिठ्ठ्यांवरून, तेव्हा जोडाक्षरांकडेही काणाडोळा कर.

इथलं सगळं बरं आहे. तुझ्या भिंगरीला दाढ येतेय, म्हणून हाताला लागेल ते चावते. परवा माझ्या चष्म्याची काडी चावली. आता चष्मा नाकावर तिरका बसतो आणि बाईसाहेब माझ्याकडे बघून खिदळतात. चालणं तिला ठाऊकच नाही, नुसती पळते. नाव ठेवलंस ते चांगलं शोभतंय.

अजून तेच काम का, म्हणून विचारलंस. हो, तेच. खेळणी धुवायची, पोरांना निरखतात ती खोली लावायची आणि पोरं आली की परकी बाई व्हायचं. मी मागच्या खोलीत खेळणी धुते तेव्हा भिंगरी माझ्या पायात असते, कोणी काही म्हणत नाही. परकी बाई म्हणजे काय, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. आई पोराला घेऊन खोलीत येते, पोर खेळायला लागतं. मग मी आत जाऊन बसते आणि आई हळूच बाहेर जाते. काचेपलीकडे दोन मुली बसलेल्या असतात. एक पोराचा चेहरा टिपते, दुसरी हातपाय, आणि एकमेकींच्या कागदात डोकावायचं नाही. थोड्या वेळाने आई परत येते. ती आली की मी उठायचं आणि निघायचं. बस, एवढंच.

दारावरचा पहारेकरी रोज विचारतो, “काय मावशी, आज किती पोरांना रडवलंत?” मी म्हणते, “अरे बाबा, परकं राहण्याचा पगार घेणारी जगात मी एकटीच. नजर लावू नकोस.”

आमच्या डॉक्टरबाई औषधाच्या नव्हेत, मुलांच्या मनाचा अभ्यास करतात. मोठ्या मायाळू आहेत. आईमागे जे पोर रडेल त्याला आईची ओढ, न रडेल त्याला नाही, असं मला वाटायचं. एकदा एक पोर आलं. आई परत आली तरी त्याने मान वर केली नाही. ठोकळ्यांवर ठोकळे ठेवत बसलं. आई बिचारी हिरमुसली. मी बाहेर येऊन म्हटलं, “बाई, याला आईचं काहीच नाही हो.” तर त्यांनी मला पडद्यापाशी नेलं. पोराच्या छातीला पट्टा बांधलेला असतो, त्यावरून काळजाचे ठोके दिसतात. वर पोर गप्प, आणि पडद्यावरची रेघ नुसती थयथय नाचत होती.

“बघितलंत मावशी?” त्या म्हणाल्या. “काही पोरं सगळं आत गिळून बसतात. रडणाऱ्याला आपण उचलून तरी घेतो. यांना कोण घेणार?”

हे मला कळलं ते तू मागच्या खेपेला आलीस त्याच्या आधी. तेवढं लक्षात ठेव.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू लिहितेस, ‘आई, कारखान्यात कायम केलं, राहायला खोली मिळाली, पाळणाघर फाटकाला लागून आहे. पण भिंगरी राहू दे तुमच्याकडेच. तिने मला ओळखलंसुद्धा नाही. ओढून नेऊन तिचे हाल कशाला?’

खोटं कशाला बोलू, वाचून मला आनंद झाला. माझा लेक गेल्यापासून या घरात आवाज आहे तो तिचाच. पोटासाठी तुला लांब जावं लागलं आणि तू तिला माझ्या ओटीत घातलंस. तू मला आई म्हणतेस, ते ऐकून तीही आई म्हणते. मी एकदाही ‘आजी म्हण’ म्हटलं नाही. पत्र आलं त्या दिवशी मी तिच्याबरोबर घरभर पळत होते.

काल मात्र मी जेवत असताना ती शेजारी झाकणं रचत बसली, तसं मी ताट सारलं.

तर ऐक. मागच्या खेपेला तू दारातून हाक मारलीस आणि ती डब्यांची झाकणं एकावर एक ठेवत राहिली. तुझा चेहरा पडला. मी तिच्या शेजारीच होते, सहज तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरी, मुठीत धरलेल्या पाखरासारखं तिचं काळीज धडधडत होतं. मला ना पट्टा लागला ना काच. सगळं कळलं. आणि मी तुला काय म्हटलं? “लहान आहे, विसरली असेल.” आणि चहा टाकायला उठले.

तू गेल्यावर ती झाकणं तशीच टाकून खिडकीशी गेली. काचेला नाक लावून उभी राहिली, अंधार होईस्तोवर. तेही मी तुला कळवलं नाही.

विसरलेलं पोर असं करत नाही गं.

तेव्हा ये. या रविवारीच ये आणि तिला घेऊन जा. आल्याआल्या कवटाळू नकोस. खाली बस, एक झाकण उचल आणि तिच्या ढिगावर ठेव. ती बघणार नाही. कदाचित मारेल, केस ओढेल, ओढू दे. मग पाठीवर हात ठेव आणि थांब. तुझ्या हाताला कळेल.

झोपताना तिला कोणाचा तरी कान धरायला लागतो. तुझा दे. झाकणं सगळी घेऊन जा, माझे डबे उघडे राहिले तरी चालतील. कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.

तुम्ही निघाल तेव्हा मी आत भांडी घासत असेन. हाक मारलीस तरी मी बहुधा मान वर करणार नाही. मनाला लावून घेऊ नकोस. फक्त एक कर, माझ्या पाठीवर हात ठेवू नकोस.

आई आली की उठून जाणारी,
भिंगरीची आजी