सोबतीचा सराव

३ जून, सोमवार

आले एकदाची! टॅक्सीतून उतरताना उशी निसटून धुळीत पडली. गेटवरच्या रखवालदाराने ती झटकून हातात दिली आणि म्हणाला, इथे झोप लागली तर उपयोग होईल. त्याची बायकोही आतच भरती आहे, तिला रात्रभर डोळा लागत नाही. बोलका माणूस आहे, माझं जमेल त्याच्याशी. खोली हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, एकटीपुरती ऐसपैस. नळाला पाणी आहे, खिडकीला पडदा आहे, आणखी काय हवं?

माझं काम पेशंटचं मन मोजायचं. आईला फोनवर हे सांगितलं तर ती हसतच सुटली. पण खरंच तसं आहे. कागदावर थर्मामीटर छापलेला असतो, तळाला शून्य, टोकाला दहा. आज जिवाला किती घोर लागलाय तिथे पेशंटने रेघ मारायची. सोबतीला नवरा किंवा बायको जे कोणी असेल, त्यानेही वेगळी मारायची. ज्याचा पारा चढलेला दिसेल त्याला घेऊन मी बसायचं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आधीच्या बाई कंटाळून गेल्या, तुम्ही तरी टिका. मी टिकणार, भलती चिवट आहे मी.

६ जून, गुरुवार

आज शिंपीणबाई भेटल्या. कॅन्सरमुळे उजवा स्तन काढलाय. खाटेवर कात्री, खडू, टेप पसरून वॉर्डातल्या उशांना अभ्रे शिवत बसतात. पारा नऊ. नवरा बस चालवतो, सगळे ड्रायव्हरदादा म्हणतात. त्याचा पारा एक! विचारलं तर म्हणाला, मला काय धाड भरलीय? बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नंतर मला म्हणाल्या, यांना कुठून कळणार, यांचं सगळं जागच्या जागी आहे.

त्यावरून मला एक युक्ती सुचली. नावही दिलं, सोबतीचा सराव. पेशंटने जे सोसलं त्यातलं काहीतरी सोबत्याने करून बघायचं. डोकं भादरायचं, तपासणीआधी राहावं लागतं तसं उपाशी राहायचं, कडक टेबलावर न हलता पडायचं. काय करायचं ते पेशंटने ठरवायचं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ठरवायचं त्यांच्यावर सोडू नका. मी म्हटलं, आजारात माणसाच्या हातात काही उरत नाही, एवढं तरी उरू दे. आज मी स्वतःवर जाम खूश आहे.

१७ जून, सोमवार

ड्रायव्हरदादांनी डोकं तर भादरलंच, मिशाही उतरवल्या! वॉर्डभर हशा. बाईंचा पारा थेट पाचावर. मोठे डॉक्टर स्वतः येऊन शाबासकी देऊन गेले. आता सगळ्या जोड्यांना सराव द्यायचा आहे. दर गुरुवारी सगळे गोल करून बसतात आणि शिंपीणबाई नव्यांना समजावून सांगतात. माझ्यापेक्षा छान सांगतात.

२४ जून, सोमवार

बाईंचा पारा दोन. पण ड्रायव्हरदादा वाकडे बसले होते, शर्ट छातीपाशी ओला. चहा सांडला म्हणाले. चहा लाल कसा असेल? मी बटणं सोडायला लावली. उजव्या छातीचं मांस काढलेलं, चीर बगलेपर्यंत. कडेला खडूची निळी रेघ. वर टाके, बारीक, एकसारखे, शिवणदोऱ्याचे.

मला भोवळ आली. त्यांनीच मला पाणी दिलं. म्हणाले, ओरडू नका, ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती गाढ झोपलीय.

बाई उठल्यावर त्यांना जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, ठरवायचं मीच ना, तुम्हीच सांगितलंत. डॉक्टरांकडे धावले. ते म्हणाले, नवऱ्याची तक्रार नाही. बोट कागदावरच्या दोनवर ठेवून बसले होते. मला त्यांची भीती वाटली.

२७ जून, गुरुवार

सराव बंद, असं गोलात सांगितलं.

जबड्याचा कॅन्सर झालेला सुतार आहे. रेडिएशनचा शेक द्यायच्या आधी त्याचे दात काढले होते. आज त्याची बायको तोंडाला रुमाल लावून बसली. मी रुमाल दूर केला. खालची ओळ सगळी गेलेली, हिरड्या फाटलेल्या. पक्कड सुताराच्या खिशात. त्याने मला आपला पारा दाखवला. शून्य. लहान मुलासारखा हसला.

मोठ्या सिस्टर निघून गेल्या. मला न सांगता.

२९ जून, शनिवार

ड्रायव्हरदादा गेले.

बाईंना डाव्या बाजूलाही गाठ लागली. म्हणून दादांचीही डावी बाजू. कात्री खोल गेली. फरशी धुतली तरी फटीत रक्त आहे.

बाई रडत होत्या, अगदी खरंखुरं. पारा दहा. मला मिठी मारून म्हणाल्या, आता माझ्या सोबतीला कोण? मिठीतच त्यांची बोटं — माझं माप घेत होती.

पोलिसांना फोन केला. येतो म्हणाले.

३० जून

बॅग भरली. गेटला कुलूप. रखवालदाराच्या हाताला बँडेज, त्यात बोटं — नसावीत. म्हणाला, बायकोला आता झोप लागते. तुम्ही गेलात तर परत लागायची नाही.

खोलीत आले. कडी लावली. पोलीस अजून —

चपला फरफटत येतायत. खूप जण —

कडी तुटली

सुताराने डावा हात धरलाय. उजवा मोकळा. लिहा म्हणतात. मीच सांगायचे ना, वाटेल ते लिहीत राहा, मन हलकं होतं —

शिंपीणबाई म्हणाल्या, सगळ्यांना सराव दिलात, स्वतः एकदाही केला नाहीत. आवाज आईसारखा. खडू गार. उजवीकडून बगलेपर्यंत —

समोर कागद धरला. पारा किती? मी दहावर रेघ मारली.

ती बघून त्यांनी आपली दहावरची रेघ खोडली. खाली मारली. पाच. कात्री अजून लागलीही नाही आणि पाच. किती छान हसल्या. त्यांना खरंच बरं वा