मिठाबर्फातली नळी

३ मार्च

चि. चिमणीस मोठ्या मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी सर्दी उतरली का? जावईबापूंची कंबर सरळ झाली का? सासूबाईंचा दात पडला की अजून हट्ट धरून बसलाय?

इकडे तुझा धाकटा मामा सहा महिने एड्सच्या गोळ्या तोंड वाकडं करून घेतोय. सुरुवातीला त्याच्या रक्तात आजाराशी लढणाऱ्या पेशी नव्वदच भरल्या होत्या. आता म्हणतो, आकडा वाढला नसेल तर गोळ्या बंद. न्हावी माणूस, गिऱ्हाइकांच्या माना हव्या तशा वळवतो. स्वतःची वळेल तर शपथ!

म्हणून त्याच्या रक्ताची नळी दवाखान्याच्या गाडीने तुझ्या प्रयोगशाळेकडे धाडली आहे. तिथल्या नर्सबाईंनी ती नुसतीच डब्यात ठेवली होती. मी बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेली. माल नासू देईन का? गाडीवाल्याला गप्पांत गुंतवलं, चारही बाजूंनी बर्फ ठासला, वरून मीठ पेरलं.

आकडा लगेच कळव.

तुझा मोठा मामा

७ मार्च

ती. मोठ्या मामांस चिमणीचा सा. नमस्कार.

घरी सगळे धडधाकट. दात पडला, हट्ट राहिला.

अहो मामा, तुम्ही रक्ताचं आइस्क्रीम केलंत! पेशी फुटल्या, मोजायला काही उरलंच नाही. हे रक्त खोलीतल्या साध्या हवेत ठेवून लगोलग मशीनवर चढवायचं असतं. साहेबांनी विचारलं, हा उद्योग कुणाचा; मी घाईने कपाट आवरायला घेतलं.

धाकट्या मामांना सांगा, आकडा कमी आलेला नाही, आलेलाच नाही. गोळी एकही चुकवू नका. नळी पुन्हा पाठवा, आणि तुम्ही तिच्यापासून दहा हात लांब राहा.

लोभ आहेच, तो गोठवू नका.

तुमची चिमणी

२२ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

दहा कसले, वीस हात लांब राहिलो. दुसऱ्या नळीचा दोनशे साठचा कागद पोचला. मी मोठ्याने वाचून दाखवला, तर धाकटा म्हणतो, पोरीने मायेपोटी शंभरेक जास्तीच्या घातल्या असतील. शाळेतले गुणही अशीच वाढवून सांगायची.

काल मात्र आठ वाजता आतून ओरडला, की गोळी हातात घेऊन ताटकळलोय, पाणी आणायला मुहूर्त लागतो का. सहा महिन्यांत पहिल्यांदाच मला आठवण करावी लागली नाही. पेला काठोकाठ भरून धावलो, पाणी सांडलं, आणि वर बोलणी खाल्ली.

तरी पेशी मशीन मोजतं, भाची नाही, एवढं सहीशिक्क्यानिशी लिही. आणि लवकर लिही गं. तो रोज पोस्टमनची वाट बघतो, आणि विचारलं की वाट मीच बघतोय असं माझ्यावर ढकलतो.

तुझा मोठा मामा